काठी दातात धरणारा मिस्त्री

मेहकरच्या बसस्थानकामागच्या गल्लीत इंद्रभान मिस्त्री राहतो. वय बासष्ट, अंगात खाकी शर्ट, खिशात पेचकस आणि हातात कायम हातभर लांबीची एक सागाची काठी. काठी चालताना टेकायला नाही, त्याचे गुडघे अजून ठणठणीत आहेत. ती काठी दातात धरायला आहे.

कपडे धुवायचं मशीन बिघडलं, की मेहकरपासून लोणारपर्यंतच्या गावांतले लोक आधी इंद्रभानला बोलावतात आणि नंतर कंपनीला. कंपनीचा माणूस येतो, मशीनचा फोटो काढतो, पार्ट मागवावा लागेल म्हणतो आणि जातो, तो जातोच. इंद्रभान एसटीने येतो, मागचा पत्रा खोलतो आणि मशीन चालू करायला लावतो. मग काठीचं एक टोक मोटरवर टेकवतो, दुसरं दातांत पकडतो आणि डोळे मिटतो. घरातली माणसं श्वास रोखून बघत राहतात. अर्ध्या मिनिटाने तो डोळे उघडून सांगतो, ‘पट्टा ढिला आहे’, ‘बेअरिंग गेलं’ किंवा ‘मोटर चांगली आहे, कपॅसिटर बदला’. आणि बहुतेक वेळा तेच निघतं.

काही लोक म्हणायचे याला कसलीतरी सिद्धी आहे. इंद्रभानने कधी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फुकट मिळालेला मोठेपणा कोण परत करतो?

खरी गोष्ट अशी, की इंद्रभान बहिरा होता. नवव्या वर्षी पैनगंगेच्या डोहात पोहताना त्याचे कान फुटले, पुढे दर पावसाळ्यात वाहू लागले. आईने गोडंतेल कोमट करून घातलं, कुणी लसणाची पाकळी सांगितली, आणि या सगळ्या उपचारांतून जे काही उरलं ते घेऊन तो पिठाच्या गिरणीवर कामाला लागला. गिरणीचे मालक पुंजाजी. एवढ्या खडखडाटात कोणतं बेअरिंग कुरकुरतंय हे कसं ओळखायचं, ते त्यांनी त्याला पहिल्याच महिन्यात शिकवलं. काठी दातात धर, म्हणाले, आवाज हाडातून जातो. पुंजाजींसाठी ती एक युक्ती होती. इंद्रभानसाठी हळूहळू तोच कान झाला.

सव्वीस वर्षं त्याने गिरणी चालवली. मग घराघरांत छोट्या चक्क्या आल्या आणि गिरणीपुढची डब्यांची रांग आटली. एकदा शेजारच्यांचं कपड्यांचं मशीन उघडं पडलेलं त्याने पाहिलं आणि त्याला हसूच आलं. खाली मोटर, मध्ये रबरी पट्टा, पलीकडे मोठी पुली, तिच्यावर गिअरचा डबा आणि वर कपडे फिरवणारी चकती. ही तर आपलीच गिरणी, फक्त पाण्यात बसवलेली. त्या दिवसापासून हा धंदा सुरू झाला.

मध्ये कधीतरी बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरने तपासून सांगितलं होतं, दोन्ही पडदे फाटलेत, पण आतला कान शाबूत आहे, मशीन लावा. इंद्रभान उठून आला. मशीन दुरुस्त करणाराच कानात मशीन घालून फिरला, तर लोक काय म्हणतील? बहिऱ्या मिस्त्रीला घरात कोण बोलावील? हा त्याचा हिशेब, आणि या हिशेबापुढे तो कुणाचं ऐकत नव्हता. तसाही तो कुणाचं काय ऐकणार!

दिवस ढकलायला त्याच्याकडे एक शब्द होता. हाव. हाव म्हणजे हो. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले, की हा मान डोलवून म्हणायचा, ‘‘हाव, हाव.’’ दहातल्या आठ वेळा ते खपून जायचं. उरलेल्या दोन वेळा लोक समजायचे, मिस्त्री जरा तंद्रीत असतो. लग्नघरी, दवाखान्यात, एसटीत, सगळीकडे हा शब्द त्याने इतका वापरला होता की त्याच्या कडा झिजल्या होत्या.

फोन उचलायचं काम बायकोचं. गीताबाई सातवी शिकलेली, अक्षर टपोरं. कुणाचा फोन आला की ती चतकोर कागदावर लिहायची: गाव, नाव, तक्रार. दारामागे एक तार लोंबत होती, तिला चिठ्ठी टोचायची. इंद्रभान सकाळी वरची चिठ्ठी काढून निघायचा. हळूहळू घरातलं बाकीचं बोलणंही त्या चतकोरांवर आलं. ‘तेल संपलं.’ ‘भाचीचं लग्न, बुधवार.’ सुरुवातीला गीताबाई ओरडून बोलायची. मग गल्लीतल्या लोकांना वाटू लागलं यांच्यात रोज भांडण होतं, म्हणून ती थांबली. कमी बोलू लागली आणि मग जवळजवळ बोलेनाशीच झाली. इंद्रभानच्या ते ध्यानातही आलं नाही. शांततेत आणखी थोडी शांतता मिसळली तर बहिऱ्याला काय कळणार!

यंदाच्या पितृपंधरवड्यात, घट बसायला सहा दिवस असताना, तारेवर चिठ्ठी होती: ‘सुलतानपूर. पुष्पाबाई. मोटर चालते, कपडे फिरत नाही.’

हे दिवस इंद्रभानच्या सुगीचे. आपल्याकडे घट बसायच्या आत बायका दसरा काढतात, म्हणजे घरातलं जे जे धुता येईल ते सगळं धुतात. चादरी, पडदे, पोती, आणि मुख्य म्हणजे गोधड्या. पूर्वी हे सगळं बैलगाडीत घालून नदीवर न्यायचे. आता ते मशीनमध्ये कोंबतात. कोरडी गोधडी मशीनमध्ये मावते, पण भिजली की ती म्हशीच्या रेडकाएवढी जड होते, आणि मग गिअरचे दात तुटतात, पट्टे जळतात, मोटरी बसतात. त्या पंधरा दिवसांत इंद्रभानला जेवायला फुरसत नसे.

पुष्पाबाई म्हणजे मेहकरच्या आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणारी. शेत स्वतःचं, जीभही स्वतःची. तिचा उजवा हात दोन महिन्यांमागे बांधावरून पडून मनगटात मोडला होता, प्लास्टर काढून पंधरा दिवस झाले होते. हाताने पिळणं शक्य नव्हतं. घरात अकरा गोधड्या आणि घट तोंडावर. तिच्याकडे घट न धुतलेल्या घरात कधी बसला नव्हता, आणि यंदा पहिल्यांदा तसं होईल या विचाराने तिची झोप उडाली होती.

इंद्रभान गेला. पुष्पाबाई दारापासूनच बोलत होती, मोडक्या हाताने खुणा करत होती, मशीनच्या भांड्याकडे बोट दाखवत होती.

‘‘हाव, हाव,’’ इंद्रभान म्हणाला आणि पत्रा खोलायला बसला.

पट्टा चकाकत होता, घासून गुळगुळीत झालेला. काठी मोटरवर टेकवली, मोटर गोड चालत होती. त्याने नवा पट्टा चढवला, भांड्यात दोन बादल्या पाणी घातलं, चकती गरगर फिरली. पुष्पाबाई पुन्हा काहीतरी म्हणाली. ‘‘हाव,’’ म्हणून तो चहा पिऊन परतला.

दोन दिवसांनी तारेवर तीच चिठ्ठी. ‘सुलतानपूर. पुष्पाबाई. पट्टा जळला. वास येते.’

तो पुन्हा गेला. नवा पट्टा एका बाजूने खरपूस जळला होता. पट्टा जळतो म्हणजे मोटर ओढते आहे आणि पुढे काहीतरी अडतं आहे, एवढं त्याला कळत होतं. पण काठी पुलीवर टेकवली तर पुलीही साफ. रिकामं मशीन चालवलं तर पुन्हा गरगर. त्याने मोटर मागे सरकवून पट्टा ताणला, कपॅसिटरही बदलला, आणि ‘‘गोधडी एकएकच टाका’’ असं बजावलं. पुष्पाबाई हात नाचवत बराच वेळ बोलली. तिने पदराने चेहरा पुसला, पुन्हा बोलली. ‘‘हाव हाव,’’ इंद्रभान म्हणाला, ‘‘होते बरोबर.’’

घट बसायला दोन दिवस उरले तेव्हा तिसरी चिठ्ठी आली. गीताबाईच्या टपोऱ्या अक्षरात होतं: ‘सुलतानपूर. पुष्पाबाई. लई बोलली. बाजारात सगळ्यांले सांगीन म्हणे.’

इंद्रभानने ती चिठ्ठी दोनदा वाचली. एकाच मशीनवर तिसऱ्यांदा जायची पाळी त्याच्यावर आजवर आली नव्हती. आणि पुष्पाबाईने बाजारात तोंड उघडलं, तर पालक-मेथीच्या जुडीबरोबर त्याचं नावही गावोगाव जाणार होतं. एसटीत तो काठी दोन्ही हातांत घट्ट धरून बसला. मोटर चांगली, पुली चांगली, पट्टा नवा. मग अडतं कुठे? मोटरच बदलायला सांगावी का, असाही एक भ्याड विचार येऊन गेला.

पुष्पाबाई ओट्यावर उभी होती. मागे दोरीवर एकही गोधडी नव्हती. त्या सगळ्या न्हाणीघरापुढे ओल्या पडल्या होत्या आणि त्यांतून पाणी वाहत होतं. एक तिने डाव्या हाताने पिळायचा प्रयत्न केला असावा, ती अर्धवट पीळ घेऊन पडली होती. ते पाहून इंद्रभानला तिच्याकडे बघवेना. तो खाली मान घालून पत्रा खोलू लागला.

पुष्पाबाई बोलत होती. तो ‘हाव’ म्हणाला. ती आणखी बोलली. तो पुन्हा ‘हाव’ म्हणाला. मग ती त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघू लागली. वर्षानुवर्षं बाजारात बसलेली बाई ती, गिऱ्हाईक ऐकतंय की नुसतं उभं आहे हे तिला चेहऱ्यावरून कळतं. तिने पदर तोंडावर धरला आणि शांतपणे म्हणाली,

‘‘मिस्त्री, तुमच्या घराले आग लागली. गीताबाई रस्त्यावर उभी हाय.’’

तिने पदर खाली घेतला तसा इंद्रभान वळून हसला. ‘‘हाव, हाव. होते बरोबर. टेन्शन नका घेऊ.’’

पुष्पाबाईने कपाळावर हात मारला. हसावं की रडावं हे तिला कळेना, आणि पुढल्या क्षणाला तिचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. तो मात्र आपल्या नादात होता. त्याने मशीन चालू केलं, काठी दातात धरली, दुसरं टोक मोटरवर टेकवलं, डोळे मिटले.

पुष्पाबाई त्याच्यासमोर उकिडवी बसली. मोटरवरचं टोक तिने अलगद उचललं आणि स्वतःच्या हनुवटीच्या हाडावर दाबून धरलं.

‘‘तुमाले ऐकू येत नाही काय?’’

इंद्रभान हादरला. माणसाचा आवाज त्याच्या डोक्याच्या मधोमध बोलला होता. चाळीस वर्षं या काठीतून त्याने मोटरी ऐकल्या, गिरण्या ऐकल्या, पंप ऐकले. माणूस ऐकायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. त्याने डोळे उघडले. समोर पुष्पाबाई होती आणि ती रागावलेली दिसत नव्हती.

‘‘मी तिनदा सांगतलं तुमाले,’’ काठीतून आवाज आला, ‘‘मी या मशीनमंधी रताळे धुते. आषाढीले धुतले, श्रावणात धुतले. धुतलेले रताळे बाजारात लवकर जातात. तवापासून हे असं करून राह्यलं.’’

रताळी! इंद्रभानने काठी तोंडातून काढली. मग उठला, भांड्यात वाकला आणि चकतीच्या मधला स्क्रू खोलला. चकती सहजी निघेना, दोन बाजूंनी पेचकस घालून उचकटावी लागली. खाली अख्खं वावर होतं. काळी माती घट्ट बसून वीट झाली होती, तिच्यात बारीक खडे, रताळ्याची मुळं आणि एक शेपटासारखं वाळलेलं रताळं. पाणी असताना रिकामी चकती त्या मातीवरून तरंगत फिरायची. वर ओली गोधडी पडली, की चकती दबून खड्यांवर बसायची आणि जागच्या जागी अडायची. वर चकती अडलेली, खाली मोटर ओढतेय, मधल्यामध्ये जळतोय बिचारा पट्टा. रेतीने दांड्याभोवतीचं रबरी सीलही खाल्लं होतं.

त्याने माती खरवडून काढली, सील बदललं, दांडा रॉकेलने पुसून वंगण भरलं, तिसरा पट्टा चढवला. मग ओल्या गोधड्यांतली सगळ्यांत जड एक उचलून स्वतः भांड्यात टाकली. हे काम पहिल्याच दिवशी करायचं होतं. चकतीने एक हिसका दिला आणि गोधडी सावकाश कूस बदलल्यासारखी वळली. काठी गिअरच्या डब्यावर टेकवून त्याने ऐकलं. खरखर नव्हती.

पुष्पाबाई बघत उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. एवढ्याशा गोष्टीला काय रडायचं, असं कुणी म्हणेल. त्याने एकदा मोडक्या मनगटाने अकरा गोधड्या समोर घेऊन बसून पाहावं.

सामान आवरल्यावर इंद्रभानने आपणहून काठी दातात धरली आणि दुसरं टोक तिच्यापुढे केलं. आधी मात्र काठी थोडी बाहेर काढून खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘बाजारात सांगू नका, बाई. धंदा बसन माझा.’’

पुष्पाबाईने टोक हनुवटीला लावलं. ‘‘काय सांगू नको? अर्ध्या सुलतानपूरले माहीत हाय तुमाले ऐकू येत नाही. तरी बोलावतात ना? मीबी आतापर्यंत मानत नव्हती, एवढंच.’’ तिने टोक पुन्हा नीट दाबलं. ‘‘ऐकू नाही आलं तं नाही आलं म्हणा. हाव काऊन म्हणता?’’

इंद्रभानने काठी काखेत मारली आणि एसटी गाठली.

परतीच्या एसटीत खिडकीजवळ बसून तो त्या प्रश्नाशी झटत राहिला. आजवर किती जणांना हाव म्हटलं असेल? पुंजाजी शेवटच्या आजारपणात खाटेवरून काहीतरी बोलले होते, त्यांनाही तो हाव म्हणाला होता. ते काय मागत होते? आता कुणाला विचारणार? आणि गीताबाई? तिला तर दिवसातून दहा वेळा.

घरी आला तेव्हा ऊन उतरलं होतं. गीताबाई अंगणात दगडावर गोधडी आपटत होती. कमरेला पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत साबणाचे. मागच्या पत्र्याच्या खोलीत जुन्या मशीनची तीन भांडी, चार मोटरी आणि पुल्यांचा ढीग पडला होता. इंद्रभान त्या खोलीकडे आणि बायकोकडे आळीपाळीने बघत दारात उभा राहिला. हे दृश्य त्याने दर वर्षी पाहिलं होतं. आज त्याला ते दिसलं.

तो तिच्यासमोर जाऊन बसला. काठी दातात धरली आणि दुसरं टोक तिच्या हनुवटीला लावलं. गीताबाई दचकून मागे सरली. याचं डोकं फिरलं की काय, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याने हाताने खूण केली. बोल.

‘‘काय बोलू?’’ ती म्हणाली.

हा आवाज गीताबाईचा नव्हता. त्याच्या आठवणीत तिचा आवाज विहिरीवरून हाक मारणाऱ्या तरण्या बाईचा होता. हा तर त्याच्या सासूचा आवाज होता, थकलेला, शेवटी किंचित कापणारा. बायकोचे केस पांढरे होताना त्याने पाहिले होते. तिचा आवाज म्हातारा झाला तेव्हा तो घरात असूनही तिथे नव्हता.

त्याने पुन्हा खूण केली. बोल, काहीही बोल.

गीताबाईने हातातली गोधडी खाली ठेवली. काठी आता तिने स्वतः धरली, नीट हाडावर.

‘‘सात वर्षं झाले,’’ ती म्हणाली, ‘‘दर दसऱ्याले तुमाले म्हणते, या भंगारातून मले एक मशीन जोडून द्या. माझे हात दुखतात. तुम्ही दर साली हाव म्हणता.’’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेल संपलं म्हणून सांगावं तसं तिने सांगितलं. गावाच्या साऱ्या तक्रारी ज्या बाईने चिठ्ठीवर लिहिल्या, तिने ही एक कधी लिहिली नव्हती. नवऱ्याकडे चिठ्ठी टोचून मागायची ही गोष्ट आहे, असं तिला वाटलं नसावं.

इंद्रभानने काठी तोंडातून काढली. सवयीने ‘हाव’ ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं.

‘‘मले ऐकू येत नाही, गीता,’’ तो म्हणाला. लग्नाच्या चाळीस वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदा उच्चारलं.

‘‘माहीत हाय,’’ गीताबाई म्हणाली. ते त्याने ओठांवरून ओळखलं. ती पुन्हा गोधडीकडे वळली, तर त्याने ती तिच्या हातातून काढून घेतली.

सकाळी गीताबाई दार झाडायला गेली, तेव्हा तारेवर पाच चिठ्ठ्या तिच्या अक्षरातल्या होत्या. सगळ्यांत वर सहावी होती, वाकड्यातिकड्या अक्षरांत. तिने चष्मा शोधून वाचली.

‘मेहकर. गीताबाई. मशीन पाहिजे. घट बसायच्या आत.’

मागच्या खोलीतून पत्र्याचा आणि पान्याचा खडखडाट येत होता.